वीस कप्प्यांचा संच

नागपूर,
११ मार्च १९८४

प्रिय चंद्रभान,

सहा वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली. दोन दिवाळीची आणि एक तुझे वडील गेले तेव्हाचं. तिन्ही हवाईपत्राच्या निळ्या घडीत मावली होती. हे मावणार नाही, म्हणून साध्या कागदावर लिहिते आहे आणि उद्या रजिस्टर करून टाकीन. तुझ्या जर्मनीतल्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, त्यामुळे ते प्रयोगशाळेच्याच पत्त्यावर येईल. तिथे मराठी वाचणारं दुसरं कुणी नसावं असं धरून चालते.

इकडचं म्हणशील तर ऊन तापायला लागलंय. कूलरचा जुना वाळा काढून नवा भरून देणारे लोक गल्लीतून ओरडत जातात. सावनेरला तुझ्या भावाचा संत्र्याचा मृग बहार यंदा बरा निघाला, असं तो मला सीताबर्डीवर भेटला तेव्हा म्हणाला. आमचे मनोहरराव रेल्वेतच आहेत, त्यांची बदली टळली. मी दीड वर्षापासून विभागप्रमुख आहे. खोली मोठी मिळाली, तिला खिडकी मात्र नाही. आपल्या जुन्या प्रयोगशाळेत तुझं टेबल होतं तिथे आता ऊर्ध्वपातनाचं यंत्र बसवलंय. बाकी भिंतीचा रंग, गळका नळ आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वास, सगळं तू सोडून गेलास तसंच आहे.

प्रवाही बॅटरीचं काम दोन वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा हातात घेतलं. तेलाचे भाव चढल्यापासून दिल्लीला ऊर्जा साठवण्यात रस आलाय. त्यांनीच विचारलं की सत्याहत्तर सालच्या तुमच्या लोखंड-क्रोमियम संचाचं पुढे काय झालं. काय झालं ते आपल्या अहवालात लिहिलेलंच आहे, तो मी पाठवला. त्यावर त्यांचं उत्तर आलं की जोडणीतले दोष काढून पुन्हा करून पाहा. म्हणजे आपण सुचवलं होतं तेच त्यांनी आपल्याला सांगितलं.

तर आम्ही केलं. वीस कप्पे, तुझ्याच आराखड्याबरहुकूम. ग्रॅफाइटच्या पाट्या, मधे कार्बनचं जाड कापड, त्याच्यामधे पडदा. पडद्याच्या एका अंगाला लोखंडाचं द्रावण, दुसऱ्या अंगाला क्रोमियमचं. खाली दोन टाक्या आणि दोन पंप. पंप सुरू झाले की दोन्ही द्रावणं आपापल्या समाईक नळातून वर येतात, वीसही कप्प्यांत वाटली जातात आणि दुसऱ्या समाईक नळातून टाकीत परततात. बॅटरी भरत आली की क्रोमियमची हिरवी टाकी निळी होत जाते. सहा वर्षांनी तो निळा रंग पाहिला तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते. कप्प्यांचे सांधे बंद करणारी गास्केट या वेळी परदेशातून मागवली. तयार साच्यातली, मऊ, एका मापाची. बसवल्यावर प्रत्येक कप्प्यात हवेचा दाब देऊन तपासला. एकही गळला नाही.

आकडे पाहा. सत्याहत्तर साली आपण शंभर युनिट वीज आत घातली की एकोणपन्नास परत मिळायची. एक्कावन्न गेली कुठे, हे आपण शोधलं होतं. वीस युनिटं कप्प्यांच्या रोधात उष्णता होऊन गेली, पाच क्रोमियमच्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे होऊन, चार पडद्यातून द्रावणं एकमेकांत मिसळून आणि आठ पंपांनी खाल्ली. झाली सदतीस. चौदा युनिटांचा पत्ता लागत नव्हता. ती चौदा आपण अहवालात ‘जोडणीतील दोषामुळे आतल्या आत होणारी गळती’ या नावाखाली घातली. आता नव्या गास्केटसह, दाब देऊन तपासलेल्या संचात बेपत्ता युनिटं भरली चौदा. म्हणजे तेवढीच.

मी दोन दिवस काही केलं नाही. मग कामाला लागले.

चार कप्प्यांचा छोटा संच आपण आधी केला होता, आठवत असेल. त्यात बेपत्ता तोटा जवळपास नव्हताच. वीस कप्पे केले आणि तो उगवला. कप्पे वाढले म्हणून गास्केट वाढली, गास्केट वाढली म्हणून गळती वाढली, असं तू आपलं काम तपासणाऱ्या समितीपुढे सांगितलंस आणि ते सगळ्यांना पटलं. त्यात एक खोट आहे. चारात एक गळत असेल तर विसात पाच गळतील. एकूण गळती वाढेल, पण शंभरातलं प्रमाण तेच राहायला हवं. आपल्याकडे प्रमाणच वाढलं होतं. हे एम.एस्सी.च्या मुलीलाही दिसेल. माझी विद्यार्थिनी जयवंता हिला ते दिसलंच, आणि तिने मला अगदी अदबीने विचारलं की बाई, हे अहवालात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी म्हटलं, घाई होती.

वीज समाईक नळातून पळत होती. द्रावण वीजवाहक आहे आणि नळ त्याने भरलेला. या टोकाचा कप्पा आणि त्या टोकाचा कप्पा यांच्यात वीस व्होल्टचा फरक, आणि दोघांना जोडणारी ओल्या नळीची वाट चोवीस तास उघडी. कप्पे जितके जास्त तितका फरक जास्त, तितकी वीज बाहेरून न जाता आतल्या आतच या वाटेने जाते. जयवंताने सुचवलं म्हणून आम्ही पंप बंद करून नळ रिकामे केले, तर संच उभ्या उभ्या उतरायचा तो जवळजवळ थांबला. नळ भरले की पुन्हा उतरायला लागला. गास्केटचा यात काही संबंध नाही. आता प्रत्येक कप्प्याला समाईक नळापासून वेगळी, बारीक आणि सव्वा मीटर लांब नळी दिली आहे. नळी लांब आणि बारीक म्हणून विजेला वाट अवघड होते. बेपत्ता चौदाची चार झाली. पंपांना मात्र जास्त जोर लावावा लागतो, त्यांचा खर्च आठावरून अकरावर गेला. शंभरातले छप्पन्न परत येतात. सात युनिटांचा फायदा. ही तुला तिकडे नवी बातमी असायचं कारण नाही. तुझा मागच्या वर्षीचा निबंध मी वाचला. त्यात तूही नळ्या लांबच केल्या आहेस. गास्केटच्या दोषावरचा तुझा अठ्ठ्याहत्तरचा निबंध त्याच्या संदर्भयादीत नाही, हेही पाहिलं.

आता धोंडबाभाऊंचं सांगते.

जोडणी त्यांनी केली होती. खाप्याचे, आधी मँगनीजच्या खाणीवर फिटर होते, मग आपल्या संस्थेत मेकॅनिक म्हणून आले. तू त्यांना धोंडबाभाऊ म्हणायचास आणि तुम्ही दोघं एका तालुक्याचे म्हणून बोलायला लागलात की मला अर्धं कळायचं नाही. गास्केट त्यांनी रबराच्या थानातून हाताने कापली होती, ऐंशी नग. कापताना ते जीभ दातात धरायचे. समितीने अहवाल वाचून विचारलं की जोडणी कुणी केली, तेव्हा त्यांचं नाव सांगितलं गेलं. नोव्हेंबरात त्यांना प्रयोगशाळेतून काढून वसतिगृहाच्या पाण्याच्या पंपावर पाठवलं आणि सेवापुस्तकात शेरा आला, ‘सूक्ष्म कामात हयगय, प्रयोगशाळेच्या कामास अयोग्य.’ तू जानेवारीत गेलास, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नसेल. ते अजून तिथेच आहेत. सकाळी साडेचारला पंप सुरू करायचा, टाकी भरली की बंद करायचा, संध्याकाळी पुन्हा. आठवडाभर पंपाशेजारच्या खोलीत राहतात, शनिवारी खाप्याला जातात. ऐंशी साली संस्थेने गावोगावच्या फिटर लोकांसाठी वर्ग काढला तेव्हा शिकवायला माणूस हवा होता. त्यांनी अर्ज केला होता. शेऱ्याकडे बोट दाखवून तो परत आला. मी तेव्हा त्या निवड समितीवर नव्हते, पण अर्ज परत गेल्याचं त्याच आठवड्यात मला कळलं होतं.

सहा वर्षं वसतिगृहाच्या फाटकासमोरून मी रोज जाते. ते बाहेर बसलेले दिसले की नमस्कार करायचे, मीही करायची. थांबले कधी नाही.

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी मी खाप्याला गेले. नळ्यांचे निकाल हातात येऊन चार महिने झाले होते. मनोहररावांना सांगितलं की कामासाठी जातेय. सावनेरवरून एस.टी. बदलली, स्टँडवर घर विचारलं. दोन खोल्या, पुढे ओटा. धोंडबाभाऊ ओट्यावर बसून कुणाचा तरी स्टोव्ह दुरुस्त करत होते. मला पाहून उठले, हात पुसले आणि आत बघून म्हणाले, “रंभे, बाई आल्या वं, लॅबच्या बाई.” रंभाबाई बाहेर आल्या, त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं, वर तुला लिहिलं तसंच. मी म्हटलं, गास्केटमध्ये दोष नव्हता, नवी आणली तरी तोटा तेवढाच आला. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मंग आता नळ्या लांब केल्या असन?”

मी म्हटलं, हो.

“किती?”

“सव्वा मीटर. प्रत्येक कप्प्याला वेगळी.”

त्यांनी स्टोव्हची पिन बोटांत फिरवली. “मंग पंपाले जोर लागत असन, बाई. लय बारीक घेऊ नका नळी. थोडी जाड घ्या आन् अजून लांब करा, गोल गुंडाळून ठेवा.”

हे आम्ही केलेलं नव्हतं. फेब्रुवारीत करून पाहिलं. पंपाचा खर्च अकरावरून साडेनऊवर आला आणि बेपत्ता तोटा चारावरच राहिला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, संच पाहून सहा वर्षं झालेली, आणि ओट्यावर बसून त्यांनी मला दीड युनिट मिळवून दिलं.

ओरडल्या त्या रंभाबाई. ओरडल्या म्हणजे आवाज चढवला नाही, पण मला ते ओरडणंच वाटलं. “सहा वर्सं, बाई. गावात लोक इचारत, काहून काढलं लॅबमधून, का तोडलं, का चोरलं? हा मानूस कोनाले काही सांगत नाही. जेवताना हाताकडे पाहत बसते. मी म्हणो, आपल्याकून चुकलं असन, जाऊ द्या. मी, घरची बाई, मीच त्याले म्हणो की तुमच्याकूनच चुकलं असन.” मग त्यांनी विचारलं, “तुमाले कवा समजलं हे?”

मी म्हटलं, “गेल्या पावसाळ्यात.”

धोंडबाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टोव्हकडे पाहिलं आणि पिन आत घालून साफ करू लागले.

चंद्रभान, इथपर्यंत मी काही गोष्टी अर्धवट लिहिल्या आहेत. तुला त्या पूर्ण माहीत आहेत, पण मला त्या माझ्या हाताने लिहायच्या आहेत.

सप्टेंबर सत्याहत्तरमध्ये संच उतरतोय असं दिसल्यावर आपण धोंडबाभाऊंना तो उघडायला सांगितलं. त्यांनी तो एकदम उघडला नाही. आधी एकेका कप्प्याच्या एका बाजूला पोटॅशियम परमँगनेटचं गुलाबी पाणी भरलं, दुसरीकडे साधं पाणी, आणि दोन दिवस ठेवलं. कुठेही गुलाबी उतरलं नाही. मग संच उघडून त्यांनी एका टोकाची ग्रॅफाइटची पाटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. नळाच्या तोंडापाशी ती खड्डे पडून खाल्ली गेली होती. मधल्या पाट्या गुळगुळीत होत्या. ते म्हणाले, “बाई, गळून नाही राहिलं. करंट नळीतून पळून राहिला. पाहा, टोकालेच खाल्लं, मधात काही नाही.” तू तेव्हा वर्कशॉपमध्ये होतास. मी पुढच्या दोन दिवसांत संच पुन्हा जोडून घेतला, भरला, नळ रिकामे करून एक तास मोजला, भरलेल्या नळांनी एक तास मोजला. ज्या मोजणीबद्दल मी जयवंताचं गेल्या वर्षी कौतुक केलं ती मी गुरुवार, २२ सप्टेंबर १९७७ रोजी केलेली आहे. माझ्या वहीत तारखेसकट आहे. वही कपाटात आहे.

त्याच संध्याकाळी कँटीनच्या मागे मी तुला ती दाखवली. तू दोनदा वाचलीस. तू हुशार आहेस, तुला पहिल्या वाचनातच कळलं होतं. तू म्हणालास, “आराखडा चुकला म्हटलं तर काम पुरं झालं असं समिती लिहून देणार नाही. जोडणी चुकली म्हटलं तर देईल, कारण जोडणी सुधारता येते.” ते लिहून मिळाल्याशिवाय तुझी जर्मनीची फेलोशिप पक्की होत नव्हती. मी विचारलं, आणि धोंडबाभाऊ? तू म्हणालास, “अहवालात कोणाचं नाव नसतं, शामला.” हे खरं होतं. अहवालात नाव नव्हतं.

३ ऑक्टोबरला समितीपुढे आपण दोघं बसलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, ही जोडणी कुणी केली? तू समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिलास. तू किती वेळ गप्प बसला असतास ते मला माहीत नाही. कदाचित तू काही वेगळं बोललाही असतास. तेवढं मी थांबले नाही. ‘नाव सांगितलं गेलं’ असं मी वर लिहिलंय. ते मी सांगितलं. वडिलांचं नाव आणि आडनावही सांगितलं, कारण कारकुनाने विचारलं.

त्या काळात आपल्या दोघांत काय ठरलं होतं आणि तू गेल्यावर ते कसं विरून गेलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त इतकंच की त्या वेळी मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं अशी समजूत मी बरीच वर्षं करून घेतली होती. तू पत्रं थांबवलीस तेव्हा मला राग आला आणि त्या रागात मला आपण बिचारी आहोत असं वाटत राहिलं. त्या सगळ्या काळात एक माणूस पहाटे साडेचारला पाण्याचा पंप सुरू करत होता, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं.

खाप्याहून निघताना धोंडबाभाऊ मला स्टँडपर्यंत सोडायला आले. एस.टी.ला वेळ होता. ते म्हणाले, “बाई, तुमी आल्या, बरं झालं. रंभीले आता पटलं.” मी म्हटलं, धोंडबाभाऊ, मी रंभाबाईंशी खोटं बोलले. ते म्हणाले, “मले मालूम हाय. मीच तं सांगितलं होतं तुमाले.” मग म्हणाले, “तिले नका सांगू. तिले वाटते का तुमाले तवा ठाव नव्हतं. मी तिले तसंच सांगून ठेवलं. साहेब लोकाईले समजलं नाही म्हटलं तं मानसाले सोसते. समजून केलं म्हटलं तं नाही सोसत.”

मी विचारलं की तुम्ही तेव्हाच वर का तक्रार केली नाही. त्यांनी एस.टी. येते का ते पाहिलं. “चंद्रभान आमच्या तालुक्याचा पोरगा होता. जर्मनीले जाऊन राहिला होता. गावात आनंद होता, बाई.”

गाडी आली. मी बसले. सावनेरपर्यंत रस्त्याकडेचे पळस नुकते फुलायला लागले होते, ते पाहत होते. मला रडू आलं नाही. घरी येऊन मी मनोहररावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की तुझं प्रमुखपद जाईल. मी म्हटलं, जाईल. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, खिडकी नसलेली खोली आहे. ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अर्ज टंकलिखित करायला त्यांनीच त्यांच्या ऑफिसातल्या माणसाचं नाव सुचवलं. संस्थेच्या टंकलेखिकेकडे तो द्यायचा नव्हता.

हे पत्र लिहायचं कारण तो अर्ज. धोंडबाभाऊ ३१ मे रोजी निवृत्त होतात. खाप्याला एक खाजगी तंत्रशाळा निघते आहे, जूनपासून त्यांना तिथे फिटरकाम शिकवायला घ्यायची चालकांची तयारी आहे. संस्थेचा निष्कलंक सेवेचा दाखला तेवढा हवा. तो शेरा खोडल्याशिवाय मिळणार नाही, आणि शेरा ज्या अहवालावर आधारलेला आहे तो लिहिणाऱ्यांनी चूक मान्य केल्याशिवाय डायरेक्टर तो खोडणार नाहीत. मी अर्जाचे दोन मसुदे केले आहेत. वहीच्या त्या पानाची प्रत दोन्हींना जोडली आहे. पहिल्यात लिहिलंय, ‘दोष जोडणीत नव्हता हे अहवाल लिहिण्यापूर्वी आम्हा दोघांना माहीत होते.’ त्यावर माझी सही झालेली आहे, खाली तुझ्या सहीची जागा आहे, तो सोबत पाठवते आहे. दुसऱ्यात ‘आम्हा दोघांना’च्या जागी ‘मला’ आहे आणि तुझं नाव कुठेही नाही. तो खोटा नाही, नुसता अपुरा आहे. तुझ्या अठ्ठ्याहत्तरच्या निबंधाला आणि तिथल्या तुझ्या जागेला त्याने धक्का लागणार नाही. रंभाबाईंना कळेल, ते मला टाळता येत नाही. धोंडबाभाऊंना ते नको होतं, आणि त्यांची ही एक गोष्ट मी ऐकणार नाहीये, हे मी त्यांना पंपावर जाऊन सांगून आले. ३० एप्रिलपर्यंत तुझी टपालाने वाट पाहीन. १ मेला सुट्टी आहे. २ तारखेला सकाळी अकरा वाजता मी डायरेक्टरांच्या खोलीत जाणार, वेळ घेतलेली आहे. दोहोंपैकी कोणता कागद माझ्या हातात असेल एवढंच ठरवणं तुझ्याकडे आहे.

एका अहवालाखाली तुझ्या शेजारी सही करणारी,
तुझीच
शामला